बहुरूपी युद्धनौका

बहुरूपी तुम्ही पाहिला असेल. खाकी डगला, डोक्यावर टोपी, हातात दंडुका, दारात येऊन दरडावतो, "चला चौकीवर!" घरातली पोरे घाबरून आईच्या पदराआड जातात. आजोबा मात्र ओसरीवरून हसतात, कारण त्यांचे लक्ष डगल्याकडे नसते, पायांकडे असते. पायांत फाटकी वहाण! पोलिसाचे सोंग डोक्यापासून गुडघ्यापर्यंत जमले, वहाणेपाशी उघडे पडले.

आज मी तुम्हाला अशाच एका बहुरूप्याची हकीकत सांगणार आहे. पण हा बहुरूपी माणूस नव्हे. सहाशे फूट लांबीचे, पंचवीस हजार टनांच्या घरातले ते एक पोलादी जहाज होते. आपल्या मुंबई बंदरातही ते एकदा सोंग घेऊन येऊन राहिले होते.

या जहाजाचे नाव 'सेंच्युरियन'. सेंच्युरियन म्हणजे रोमन पलटणीतला शंभर शिपायांवरचा अंमलदार. आपल्याकडे शिवकालीन पायदळात जो जुमलेदार असे, त्याचाच हा भाऊ म्हणा ना. ब्रिटिश आरमारात हे नाव पूर्वापार चालत आलेले. आपली सेंच्युरियन इंग्लंडच्या डेव्हनपोर्ट गोदीत १९११ च्या जानेवारीत बांधायला घेतली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पाण्यात सोडली. तो काळ इंग्लंड आणि जर्मनी यांच्यातल्या आरमारी चढाओढीचा. १९०६ साली 'ड्रेडनॉट' नावाची युद्धनौका निघाली आणि तिने जगातली आधीची सगळी लढाऊ जहाजे एका दिवसात म्हातारी करून टाकली. मग काय, दर वर्षी नवे जहाज, प्रत्येक मागल्यापेक्षा थोरले! सेंच्युरियनवर साडेतेरा इंची तोंडाच्या दहा तोफा होत्या. एकेका गोळ्याचे वजन पंधरा-सोळा मणांच्या आसपास. वेग ताशी एकवीस नॉट, म्हणजे एकवीस सागरी मैल. खर्च जवळजवळ वीस लाख पौंड, आणि तोही त्या वेळच्या पौंडात. खलाशी व अंमलदार मिळून आठशेच्या वर माणसे तिच्या पोटात राहत.

जहाज ताब्यात घेण्यापूर्वी समुद्रावर त्याची चाचणी घेतात. १९१२ च्या डिसेंबरात अशा चाचणीवर असताना एका रात्री सेंच्युरियनने 'डेर्ना' नावाच्या इटालियन आगबोटीला धडक दिली. ती आगबोट आपल्या सर्व खलाशांसह बुडाली. युद्धनौकेचे स्वतःचे नाकही चांगलेच चेचले, आणि ती प्रत्यक्ष कामावर रुजू व्हायला १९१३ चा मे उजाडला. दर्यावर्दी माणसे शकुन-अपशकुन फार मानतात. मी मानत नाही. पण एवढे खरे, की पुढे तीस वर्षे जिने शत्रूचे एकही जहाज बुडवले नाही, तिने पहिला बळी घेतला तो एका निरपराध व्यापारी बोटीचा.

सेंच्युरियनला तीन भावंडे होती: 'किंग जॉर्ज द फिफ्थ', 'एजॅक्स' आणि 'ऑडेशस'. यांतल्या ऑडेशसची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आमच्या बहुरूप्याच्या घराण्यात सोंगाची सुरुवात तिथूनच झाली.

पहिले महायुद्ध सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. २७ ऑक्टोबर १९१४ रोजी आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यापाशी ऑडेशस जर्मन पाणसुरुंगावर आदळली. दिवसभर तिला वाचवण्याची धडपड चालली. 'ऑलिम्पिक' ही बुडालेल्या 'टायटॅनिक'ची थोरली बहीण, उतारूंना घेऊन, नेमकी तिथून चालली होती. तिने ओढकामाला हात दिला, पण दोर तुटले आणि रात्री ऑडेशस गेली. ही बातमी फोडायची नाही असे ब्रिटिश आरमारी खात्याने ठरवले. ऑडेशसचे नाव जहाजांच्या याद्यांत तसेच ठेवले. ऑलिम्पिकवरच्या उतारूंनी कठड्याला रेलून फोटो काढले होते, ते थोड्याच दिवसांत अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत झळकले. तरी लंडन गप्प! ऑडेशस बुडाली हे सरकारने जाहीर केले ते १९१८ च्या नोव्हेंबरात, लढाई थांबल्यावर. तोवर चार वर्षे एक जहाज समुद्राच्या तळाशी आणि कागदावर मात्र तरंगते राहिले.

त्याच सुमारास विन्स्टन चर्चिल आरमारी खात्याचे मंत्री होते. त्यांनी हुकूम काढला, की जुन्या व्यापारी बोटी घ्या आणि त्यांच्यावर लाकूड व ताडपत्री चढवून त्यांना युद्धनौकांचे रूप द्या. बेलफास्टच्या गोदीत सुतारांची झुंबड उडाली. एक-दोन नव्हे, चौदा बोटी अशा नटवल्या. लाकडी बुरूज, लाकडी तोफा, खोटी धुराडी. रिकामी व्यापारी बोट पाण्यावर फार उंच राहते, युद्धनौका खोल बसते; म्हणून पोटात दगडधोंडे भरून त्या खाली बसवल्या. त्यांतली एक नटली बुडालेल्या ऑडेशसच्या रूपात. आणि 'टायरोलिया' नावाच्या बोटीने सोंग घेतले ते आपल्या सेंच्युरियनचे! म्हणजे पाहा, खरी सेंच्युरियन उत्तर समुद्रात पहारा देत होती आणि तिची लाकडी जुळी बहीण दुसरीकडे मिरवत होती.

या सोंगांना शेवटी कोण किती फसले याचा हिशेब लागत नाही. एक मात्र घडले. 'मेरियन' नावाची बोट 'टायगर' या लढाऊ जहाजाच्या वेशात ईजियन समुद्रात फिरत होती. १९१५ च्या मे महिन्यात जर्मन पाणबुडीने तिला खरी समजून पाणतीर मारला. बोट बुडाली, आणि बुडताना तिचे भलेमोठे तोफांचे बुरूज सुटून पाण्यावर तरंगू लागले! पाणबुडीच्या कप्तानाने दुर्बिणीतून ते पाहिले असेल, तर त्याचा चेहरा कसा झाला असेल याची तुम्हीच कल्पना करा. पण हसण्यापूर्वी हेही ध्यानात घ्या, की मारलेला पाणतीर खरा होता आणि बोटीवरची काही माणसे खरोखरच मेली.

खऱ्या सेंच्युरियनच्या वाट्याला खरी लढाई एकदाच आली. ३१ मे १९१६, जटलंड. दोन्ही बाजूंची मिळून अडीचशे जहाजे डेन्मार्कच्या पश्चिमेला समोरासमोर आली. संध्याकाळी सातच्या पुढे, धूर आणि धुके यांच्या फटीतून सेंच्युरियनच्या तोफखान्याला 'ल्युत्झो' हे जर्मन जहाज दिसले. चार फैरी झाडल्या, एकूण एकोणीस गोळे. तेवढ्यात 'ओरायन' हे ब्रिटिशांचेच जहाज मध्ये आडवे आले आणि पुढचे दिसेना. संपली लढाई! त्या दिवशी ब्रिटिशांची सहा हजारांवर आणि जर्मनांची अडीच हजारांवर माणसे कामास आली. सेंच्युरियनवर ओरखडादेखील उठला नाही. वीस लाख पौंडांच्या जहाजाने शत्रूच्या युद्धनौकेवर उभ्या हयातीत झाडलेले गोळे म्हणजे हे एकोणीस.

तुम्ही म्हणाल, मग पैसा पाण्यात गेला की! एका अर्थी गेला खरा. पण आरमाराचे गणित जरा निराळे असते. वाड्याच्या दाराशी बसलेला पहारेकरी वर्षानुवर्षे तलवार उपसत नाही, म्हणून त्याचा पगार फुकट जातो असे आपण म्हणत नाही. तो तिथे बसलेला दिसतो, एवढ्याने चोर दुसऱ्या गल्लीने जातो. जटलंडनंतर जर्मन आरमार मोठी लढाई देण्यासाठी पुन्हा फारसे बाहेर पडलेच नाही, कारण समुद्रापलीकडे ही ब्रिटिश जहाजांची रांग उभी आहे हे त्याला ठाऊक होते. युद्धनौकेचे निम्मे काम दिसण्यातच होते. आणि दिसण्यानेच काम भागत असेल, तर खऱ्याऐवजी खोटे दाखवले तर काय बिघडले, हा विचार कोणाच्या तरी डोक्यात यायचाच. सेंच्युरियनचे पुढचे सगळे आयुष्य या एका विचारावर गेले.

महायुद्धानंतर ती भूमध्य समुद्रात आणि रशियातल्या यादवीच्या दिवसांत काळ्या समुद्रात जाऊन आली. १९२२ साली वॉशिंग्टनला तह झाला, त्यात बड्या राष्ट्रांनी आपापली आरमारे छाटायची ठरवली. किंग जॉर्ज आणि एजॅक्स ही उरलेली दोन भावंडे १९२६ च्या सुमारास मोडीत निघाली. सेंच्युरियन वाचली ती विचित्र कामासाठी. तिच्या दहाही तोफा काढून टाकल्या आणि तिला चांदमारीचे लक्ष्य बनवले. खुद्द तिच्यावरच गोळे मारून इतर जहाजांनी नेम शिकायचा!

पण चालत्या जहाजावर गोळे मारायचे तर आतल्या माणसांचे काय? इथे बिनतारी विद्येने हात दिला. जहाज भट्ट्या पेटवून तयार करायचे, मग माणसांनी उतरून दूर व्हायचे, आणि सुकाणू व यंत्रे एका विनाशिकेवरून बिनतारी संदेशांनी हलवायची. ज्या लहरींनी आमचे शब्द तुमच्या घरात येतात, त्यांच्याच भाऊबंदांनी हे सहाशे फुटी धूड डावी-उजवीकडे वळे. त्या काळच्या माणसाला हा भुताटकीचा प्रकार वाटला तर नवल नाही: डेकवर चिटपाखरू नाही आणि जहाज आपले गिरक्या घेतेय! आणि हे लक्ष्य ज्या विनाशिकेच्या ताब्यात असे, तिचे नाव काय असावे? 'शिकारी'! आपला, आपल्या भाषेतला शब्द. इंग्रजांनी तो इथून उचलून आपल्या जहाजाला दिला. सावजाची दोरी शिकाऱ्याच्या हाती. पुढे १९४० साली डंकर्कच्या किनाऱ्यावरून फौजा काढून आणल्या, तेव्हा सगळ्यांत शेवटी निघालेली बोट हीच शिकारी.

या लक्ष्याच्या दिवसांत सेंच्युरियनने आरमाराला एक महत्त्वाची गोष्ट शिकवली. १९३३ साली तिच्यावर विमानांतून सरावाचे बॉंब टाकून पाहिले. उंचावरून सरळ उडत जाणाऱ्या विमानांचे बॉंब बहुतेक पाण्यात पडले. घारीसारखा सूर मारून खाली येणाऱ्या विमानांचा नेम मात्र पुष्कळ अचूक बसला. धडा स्वच्छ होता. तो किती जणांनी मनावर घेतला हा प्रश्न वेगळा.

आता आपण दुसऱ्या महायुद्धात येऊ. १९४१ साली सेंच्युरियन तीस वर्षांची झाली होती. लिबियातल्या त्रिपोली बंदराच्या तोंडाशी नेऊन तिला बुडवावे आणि बंदर बंद करावे, असाही विचार झाला. तो बारगळला. मग चर्चिलसाहेबांच्या कारकिर्दीत, आता ते पंतप्रधान होते, १९१४ चा जुना खेळ पुन्हा मांडला गेला. जिथे ती जन्मली त्याच डेव्हनपोर्ट गोदीत सेंच्युरियनवर लाकडी बुरूज चढले आणि ती 'अ‍ॅन्सन' झाली. अ‍ॅन्सन ही नवी कोरी, चौदा इंची दहा तोफांची युद्धनौका. आता गंमत अशी, की खरी अ‍ॅन्सन अजून इंग्लंडच्या उत्तरेकडे गोदीत बांधून पुरी व्हायची होती! ती १९४२ च्या जूनमध्ये कामाला लागली. त्याआधीच तिचे सोंग आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला पोहोचले होते.

मुंबईत तो काळ कसा होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तुम्ही ऐकले असेल. १० डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' ही दोन जंगी जहाजे मलायाच्या किनाऱ्याजवळ बुडवली. फेब्रुवारीत सिंगापूर पडले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जपानी आरमार हिंदी महासागरात शिरले. कोलंबोवर बॉंब पडले, आपल्या पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टण आणि काकिनाडा इथेही पडले. मुंबईतली कितीतरी बिऱ्हाडे ट्रंका-वळकट्या बांधून कोकणात आणि देशावर आपापल्या गावी निघून गेली. ब्रिटिशांचे पूर्वेकडचे आरमार पश्चिमेला सरकले: जुनी, संथ जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याला, आणि 'वॉरस्पाइट'सारखी चांगली जहाजे काही दिवस मुंबईला. अशा वेळी बंदरात आणखी एक भारदस्त युद्धनौका दिसत होती, दहा तोफांची, आणि तिच्यातली एकही तोफ उडणारी नव्हती. लांबून पाहणाऱ्याला धीर आला असेल. गोदीतल्या सुताराच्या नजरेतून मात्र लाकूड सुटले नसेल, असे मला आपले वाटते.

आपल्यात एक म्हण आहे: सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. आरमारात म्हणाल, तर वेगाचे सोंग आणता येत नाही. खरी अ‍ॅन्सन अठ्ठावीस नॉटांनी धावे. सेंच्युरियन आता कशीबशी सोळा-सतरा गाठायची. शिवाय अ‍ॅन्सन साडेसातशे फुटांच्या आसपास, ही सहाशेची. बहुरूप्याची फाटकी वहाण ती हीच.

मे महिन्यात तिला मुंबईहून भूमध्य समुद्राकडे बोलावणे आले. का, ते सांगतो. १९४१ च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांची 'बारहॅम' पाणतीर लागून स्फोटात फुटली. डिसेंबरात सहा इटालियन पाणबुडे अलेक्झांड्रिया बंदरात पाण्याखालून शिरले आणि 'क्वीन एलिझाबेथ' व 'व्हॅलियंट' या दोन युद्धनौकांच्या तळाशी स्फोटके लावून त्यांनी त्या जायबंदी केल्या. जहाजे उथळ पाण्यात सरळ खाली बसली, म्हणून ब्रिटिशांनी काहीच झाले नाही असा आव आणला. डेकवर रोजच्यासारखे निशाण चढत होते, आणि पोटात पाणी भरलेले! थोडक्यात, पूर्व भूमध्य समुद्रात ब्रिटिशांजवळ धड अशी एकही युद्धनौका उरली नव्हती. तिकडे माल्टा बेट उपाशी. रसद पोहोचवायची होती. खरी युद्धनौका नाही, तर लाकडी न्या!

१९४२ च्या जूनमध्ये अकरा मालवाहू बोटींचा काफिला ईजिप्तहून माल्ट्याकडे निघाला. रियर अ‍ॅडमिरल व्हायन यांच्या हाताखाली क्रूझर आणि विनाशिका होत्या, आणि मधोमध आमची नटलेली म्हातारी. तिच्यावर विमानांवर मारा करणाऱ्या लहान तोफा मात्र खऱ्या होत्या. १४ आणि १५ जून हे दोन दिवस आकाशातून बॉंब, रात्री पाणतीर मारणाऱ्या वेगवान बोटी. वरती इटालियन आरमाराच्या 'लित्तोरियो' आणि 'वित्तोरियो व्हेनेतो' या दोन अगदी खऱ्या युद्धनौका काफिल्यावर चालून निघाल्या. सोंगाने त्यांना थांबवले नाही, हे इथे स्वच्छ सांगितले पाहिजे. आरमारी खात्याच्या कल्पनेचे कौतुक करणारे लेखक हा भाग जरा घाईने उरकतात.

१५ तारखेला सूर मारणाऱ्या जर्मन विमानांनी सेंच्युरियनला गाठले आणि बॉंब तिच्यावर बसला. तुमच्या लक्षात आले ना? नऊ वर्षांपूर्वी याच डेकवर पाहून ठेवले होते, की सूर मारणाऱ्याचा नेम चुकत नाही. तेव्हा बॉंब सरावाचे होते आणि सूर मारणारे आपले. आता दोन्ही बदलले होते. ताडपत्रीच्या बुरुजाखाली छोट्या तोफांवर उभे असलेले गोलंदाज दिवसभर आकाशाकडे गोळ्या झाडत राहिले. जहाज खोटे आहे हे बॉंबला कोण सांगणार? उलट सोंग जितके चांगले, तितके बॉंब अधिक. शत्रूने आपल्यालाच मोठे समजून आपल्यावर तुटून पडावे, इतर बोटींना सोडावे, हेच तर तिचे काम होते. त्या नाविकांना हे ठाऊक होते. मला या सगळ्या हकीकतीत मोठेपण दिसते ते त्यांचे. जटलंडच्या एकोणीस गोळ्यांपेक्षा त्या दोन दिवसांत तिने खरी लढाई अधिक केली.

काफिल्याजवळचा दारूगोळा संपत आला आणि तो अलेक्झांड्रियाला परत फिरला. 'हर्मायनी' ही क्रूझर आणि तीन विनाशिका गेल्या. या वाटेने माल्ट्याला एकही बोट पोहोचली नाही. पश्चिमेकडून, जिब्राल्टरहून निघालेल्या दुसऱ्या काफिल्यातल्या दोन बोटी तेवढ्या पोहोचल्या.

यानंतर जवळजवळ दोन वर्षे सेंच्युरियन सुएझच्या बाजूला नांगर टाकून बसली. काम तेच, दिसण्याचे.

शेवटचा प्रवेश नॉर्मंडीचा. ६ जून १९४४ ला दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या. तिथे बंदर नव्हते, म्हणून त्यांनी ते बरोबर नेले! पन्नासहून अधिक जुनी जहाजे किनाऱ्यापाशी ओळीने उभी करून, तळाशी सुरुंग उडवून बुडवली, म्हणजे आतल्या बाजूला पाणी शांत राहावे. त्या बांधांचे गुप्त नाव 'गूजबेरी'. फ्रेंचांची जुनी युद्धनौका 'कूर्बे' एका ठिकाणी अशीच बसवली. सेंच्युरियन बुडाली ती अमेरिकनांच्या ओमाहा किनाऱ्यापुढे, ९ जूनच्या सुमारास. पाणी उथळ, तळ वाळूला टेकला आणि डेक वरच राहिला.

असे सांगतात, की किनाऱ्यावरून पाहणाऱ्या जर्मनांना वाटले, आपल्या तोफांनी एक ब्रिटिश युद्धनौका बुडवली. बोटींत उतरणारी माणसे त्यांनी मोजली, ती सत्तरच्या आसपास भरली. युद्धनौकेवर हजारभर माणसे असतात, हे त्यांना ठाऊक होते. तेव्हा बाकीची सगळी जहाजाबरोबर गेली, असा हिशेब त्यांनी मांडला म्हणे. खरे तर त्या दिवशी सेंच्युरियनवर मुळी तेवढीच माणसे होती, आणि तिचा तळ तिच्याच माणसांनी फोडला होता. दहाच दिवसांनी, १९ जूनला, मोठे वादळ उठले आणि चार दिवस घोंगावत राहिले. अमेरिकनांचे ते नेलेले बंदर त्यात मोडून पडले. मोडलेल्या बंदरामागच्या वाळूवर सामान मात्र उतरतच राहिले.